मी मोजलेला मावा

मत्सर हा शब्द आमच्या घरात कधी कुणी उच्चारला नाही. आमच्याकडे हक्क, मागणी, निषेध, जाहीर सभा असले शब्द असायचे. आई सांगते, मी बोलायला लागले तेव्हा 'पाणी' म्हणायच्या आधी 'जाहीर' म्हणायला शिकले. बाबा मोरिवलीच्या एका कारखान्यात होते आणि तिथल्या कामगारांची पत्रकं तेच लिहायचे. छापून आलेला गठ्ठा हेंद्रेपाड्याच्या आमच्या घरी यायचा. आई, दादा आणि मी जमिनीवर बसून त्या कागदांच्या घड्या घालायचो. मी वाचायला शिकले ते त्या घड्यांवरूनच. शाळेचं पुस्तक नंतर आलं.

त्या पत्रकांची एक रीत होती. एकदा छापून आलं की रात्रपाळीच्या सात जणांना घरी बसवलं आहे. पत्रक वाटायच्या आधी कळलं की सात नव्हे, पाच. बाबांचे सोबती म्हणाले, "राहू दे की. साताने जोर येतो." बाबांनी अख्खा गठ्ठा घरी आणला, चार निळी पेनं आणली, आणि आम्ही चौघांनी बसून एकूण एक कागदावर साताचं पाच केलं. मी तेव्हा लहान होते. माझा आकडा ओळीच्या बाहेर जायचा. बाबा म्हणाले, "चालंल. वाकडा चालंल, खोटा नाय."

हे आधी सांगते आहे, कारण पुढे मी जे केलं ते मला न कळत झालं, असं कुणी समजू नये.

कॉलेजात असताना मी शेतीच्या एका शिबिराला गेले आणि तिथून डोकं फिरूनच परतले. आमच्याकडे मक्यावर, नाचणीवर चार किडे दिसले की लोक पंप पाठीला लावतात. मोजत कुणीच नाही. मी एक पत्रक लिहिलं. वर ठळक मथळा होता, 'आधी मोजा, मग फवारा'. मावा म्हणजे हिरवट, बारीक, झुंडीने राहणारा किडा. मक्याच्या पोंग्यात, म्हणजे मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, आणि तुऱ्यात बसून तो रस पितो आणि पानांवर चिकटा सोडतो. शेतात आडवं चालत जा, पाच जागी थांबा, प्रत्येक जागी मक्याची दहा ताटं, म्हणजे उभी धाटं, बघा, मावा दिसलेलं प्रत्येक ताट मोजा. पन्नासातली निम्मी ताटं माव्याने धरली नसतील तर औषध मारू नका. ठिपक्यांचा लाल ढालकिडा आपला सोबती आहे, तो मावा खातो, त्याला जगू द्या. उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये एक जुना छापखाना आहे. तिथे पिवळ्या कागदावर मी हे छापून घेतलं. छापखानेवाला सिंधी काका म्हणाला, "बेटी, शादी का कार्ड छपवाने की उमर में कीड़ा छपवा रही हो?"

चार वर्षं मी ते पत्रक वाटलं. आठवड्याच्या बाजारात वाटलं, नदीकाठच्या गावांतून वाटलं. एका मावशीने माझ्यासमोरच त्यात सुकट बांधून गिऱ्हाइकाला दिली. तेलाचे रिकामे डबे कापून मी ते पत्रे पिवळे रंगवले, त्यांना एरंडेल लावलं आणि काठ्यांवर शेतात उभे केले. पंखवाला मावा पिवळ्या रंगाकडे येतो आणि चिकटतो. शेजारचे विचारायचे, "काय गो, नजर लागू नये म्हणून का?" बाबा मात्र संध्याकाळी माझ्याबरोबर बांधावर यायचे. पत्र्यांवरचे किडे आम्ही दोघं भिंगातून बघायचो. त्या चार वर्षांत मला मिळालेला वाचक तो एकच. आणि दादा दर वर्षी फवारायचाच. म्हणायचा, "पत्रक मस्त झालंय गं. पण मावा वाचायला शिकला का?"

मग दादाचं लग्न झालं.

दादा अंबरनाथच्या ज्या कंपनीत आहे तिथल्या मित्राची ही बहीण. माहेर सोलापूरकडचं. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, पण नात्याने वहिनी. मी तिला 'तू' म्हणते आणि ती मला 'वन्सं' आणि 'तुमी'. आमच्या घरात वन्सं हा शब्द पहिल्यांदाच आला. आईला तो फार आवडला. आईला तिचं सगळंच आवडलं, पण त्याचं मला काही वाटलं नाही. आई मुळातच कुणावरही खूश होते.

भात कापून झालं की नदीकडच्या तुकड्यात आम्ही मका करतो. कोवळी कणसं बदलापुरातच खपतात. पलीकडे टॉवर उभे राहिले आहेत, तिथली माणसं संध्याकाळी फिरायला बांधापर्यंत येतात आणि उभ्यानेच कणसं मागतात. त्या हिवाळ्यात मका कमरेला आला आणि चार दिवस ढगाळ हवा पडली. पाचव्या दिवशी दादा पोंग्यात बोट घालून आला. बोट चिकट झालं होतं.

"आला," म्हणाला. त्याच दुपारी कॅम्प एकमधून बाटली घेऊन आला. दुकानदाराने त्याला सांगितलं होतं, साईं, इससे सब साफ.

सब साफ. याच दोन शब्दांविरुद्ध मी चार वर्षं लिहीत होते. मी तोंड उघडणार तेवढ्यात वहिनी म्हणाली, "मी एकदा बघून येऊ का? आमच्याकडं जवारीवर बी मावा येतो, मोजूनच बघतो आमी."

तिने दादाचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट ड्रेसवर चढवला, पायात त्याच्याच चपला अडकवल्या, डब्यातून मूठभर ज्वारी काढली. ती माहेराहून पोतंभर ज्वारी घेऊन आली होती, आमच्या तांदळाच्या भाकरीने तिचं पोट भरत नसे. पन्नास दाणे मोजून तिने शर्टाच्या डाव्या खिशात टाकले आणि मक्यात शिरली. आम्ही सगळे बांधावर. ती एका ताटापाशी थांबायची, पोंगा उघडायची, पान उलटं करायची. मावा असला तर डाव्या खिशातला एक दाणा उजव्या खिशात. नसला तर दाणा तोंडात.

"काय खातंय गो ती?" आईने विचारलं.

अर्ध्या तासाने वहिनी चावत चावत बाहेर आली. उजवा खिसा तळहातावर उलटा केला. सतरा दाणे.

"निम्म्याच्या आत हाय," ती म्हणाली. "आन् ढालकिडं लई हायत, त्यांच्या अळ्या बी हायत. नगा मारू. चार दिसांनी परत बघू. युरिया तेवढा थांबवा आता, कवळ्या पानावर मावा जास्तच येतो. पानी द्या येळेवर."

दादा हसला. "म्हणजे बायको पोट भरून आली तर शेत साफ, आणि उपाशी आली तर फवारा!"

सगळे हसले. बाबा सगळ्यांत जास्त हसले. मग म्हणाले, "सूनबाय बोलतंय तं थांबू."

बस. एवढंच. माझी चार वर्षं आणि तिचा अर्धा तास. पाच जागा, दहा ताटं, निम्म्याचा हिशेब, युरिया, ढालकिडा, हे सगळं माझ्या पत्रकात होतं. युरियाचं तर चौथ्या ओळीत होतं. तिने त्यात घातले होते ते फक्त दाणे.

दादा सहज मागे हटणारा नाही. म्हणाला, "ठीक आहे. या मक्याचं तू बघ. कणसं नीट भरली तर पुढच्या वर्षीपासून शेतात काय मारायचं आणि काय नाही, ते तू ठरवायचं. भात, मका, सगळं. नाही भरली तर मात्र मी बोलेन तसं. बाबा साक्षीला."

वहिनी म्हणाली, "चालंल की." मला तिच्या डोळ्यांत दिसलं, तिला हे फार हवं होतं. तीन महिने झाले होते तिला येऊन. स्वयंपाकघर आईचं होतं, टीव्ही दादाचा, भिंतीवरची पुस्तकं माझी. त्या घरात तिच्या शब्दाने काही व्हावं, अशी एकच जागा तिला सापडली होती आणि ती जागा माझी होती. निदान मला तसं वाटत होतं. कागदावर बघितलं तर ती कधीच माझी नव्हती. मला कुणी काही ठरवायला दिलंच नव्हतं.

मी आनंदी व्हायला हवं होतं. फवारणी थांबली होती ना? मी जे मागत होते ते झालं होतं ना? मोर्च्यात आपण मागितलेली गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून मान्य झाली तर आपण टाळ्या वाजवतो, असं मी स्वतः लोकांना सांगत आले आहे. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. घरी जाऊन भांडी आपटली.

मग ते रोजचंच झालं. सकाळी वहिनी मोजायला निघाली की बाबा तिच्यामागे. एक प्लास्टिकची खुर्ची त्यांनी कायमची बांधावर नेऊन ठेवली. ती आत मोजते आहे, हे बाहेरून विचारताहेत, "आता कुठं?" आणि आतून आवाज, "खाल्ला बाबा!" म्हणजे ताट साफ. दोघं हसतात. माझे पिवळे पत्रे तिथेच उभे होते. त्यांना एरंडेल लावायला मी आठवडाभर गेले नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

बाबा अजूनही कधीमधी मोरिवलीला कारखान्याच्या फाटकासमोरच्या टपरीवर जुन्या सोबत्यांना भेटायला जातात. तिथे त्यांनी सांगितलं, आमची सून दाणे खाऊन मावा मोजतं. रविवारी तिघे जण बघायला आले. याच तिघांनी माझं पत्रक खिशात घालून नेलं होतं. त्यांतले एक काका, ज्यांनी मला कडेवर घेऊन घोषणा शिकवल्या, ते माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बाय, तू पन शिकून घे वहिनीकडून."

मी म्हणाले, "हो काका." आतून मी पेटले होते.

वहिनीला टोमणे मारायला मी कमी केलं नाही. एकदा म्हणाले, "सोलापूरला कागद-पेन मिळत नाही का गं?"

ती म्हणाली, "मिळतंय की. पर कागद चावता येत न्हाई."

दादा खो खो हसला. तिला विनोद पण येत होता.

आता जे सांगते ते सांगायला मला जड जातं. मावा वाढावा असं मला वाटायला लागलं. सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन मी कडेच्या दोन-चार ताटांचे पोंगे उघडायचे आणि हिरवा थर दिसला की बरं वाटायचं. मुंग्या ताटावर चढताना दिसल्या की बरं वाटायचं, कारण जिथे मावा असतो तिथे चिकट्यासाठी मुंग्या येतात. तिचा आकडा वर चढावा आणि दादाने पंप उचलावा. माझ्या मथळ्याच्या, माझ्या चार वर्षांच्या, माझ्या सगळ्या तत्त्वांच्या विरुद्ध मी मनातल्या मनात माव्याची बाजू घेत होते. पण मावा ऐकत नव्हता. दुसऱ्या मोजणीत वीस दाणे आले. तिसरीत अठरा.

तुरे बाहेर पडायला लागले तेव्हा वहिनीच्या चुलत बहिणीचं लग्न निघालं. तिला पाच दिवस जायचं होतं. निघायच्या आदल्या दिवशी ती माझ्या खोलीत आली. हातात तो शर्ट, धुऊन घडी घातलेला, आणि पुडीत पन्नास दाणे.

"वन्सं, शनवारी मोजाल न्हवं? दुसऱ्या कुनाला सांगू? तुमालाच येतंय ते."

मी शर्ट घेतला.

"आन् येक," ती म्हणाली. "आता फुगलेला मावा दिसंल बगा. तांबूस, मन्यासारखा, पानाला चिकटलेला. तो मेल्यालाच असतो. त्याच्या पोटात बारीक माशी अंडं घालती, आत तिची अळी वाढती. त्यो धरायचा न्हाई. ज्या ताटावर निस्ता तसलाच असंल, त्यो दाना खायाचा. उलट चांगलं असतंय ते, मावा संपायला लागला म्हनायचं."

"माहितीये मला," मी म्हणाले.

मला माहीत नव्हतं. शिबिरात सांगितलं असेल तर मी विसरले होते. पत्रकात तर नव्हतंच. हे माझ्या पत्रकात नव्हतं आणि तिला माहीत होतं, हीच गोष्ट मला शनिवारपर्यंत बोचत राहिली.

शनिवारी सकाळी मी तिचा शर्ट घातला. मला तो लांब झाला. पहिल्याच जागी मला ते दिसले. तांबूस मणी. पानाच्या मागे पाच, सात, दहा, शिराळ्या पानावर कुणी चिकटवल्यासारखे. नखाने एक दाबला तर कागदासारखा फुटला. एकाला मागे नेमकं गोल भोक होतं. माशी निघून गेली होती. त्या ताटावर जिवंत मावा एकही नव्हता. मी दाणा चिमटीत धरून उभी राहिले.

तोंडात टाकायचा होता. वहिनीने सांगितलं होतं. मी स्पष्ट ऐकलं होतं.

माझ्या डोक्यात माझी छापील ओळ आली. मावा दिसलेलं प्रत्येक ताट मोजा. दिसला ना? दिसला. मेलेला की जिवंत, असं पत्रकात कुठे आहे? जे छापलं तेच खरं, असं म्हणणाऱ्या लोकांवर मी आयुष्यभर तोंडसुख घेतलं. त्या सकाळी मी स्वतःच छापलेल्या ओळीच्या आड जाऊन लपले. दाणा उजव्या खिशात गेला.

पुढे सोपं झालं. मनातल्या मनात मी दोन्ही आकडे धरत होते, कारण खोटं करायचं तरी खरं माहीत असावं लागतं. जिवंत मावा चौदा ताटांवर. नुसता फुगलेला सतरा ताटांवर. उजव्या खिशात एकतीस दाणे. तोंडात गेले एकोणीस. कच्ची ज्वारी पिठूळ लागते, आणि शेवटी जराशी गोड. मला त्यातला एकही गोड लागला नाही.

बाबा खुर्चीवर बसले होते. मी तळहात पुढे केला.

"एकतीस? निम्म्याच्या वर?" ते उठून उभे राहिले. "चार दिवसांत? फुगलेला धरलास का सोडलास?"

हे त्यांना ठाऊक होतं. तिने त्यांनाही शिकवलं होतं. त्या क्षणी मला लाज वाटायला हवी होती, वाटला तो राग. मी पर्समधून पिवळं पत्रक काढलं आणि ओळीवर बोट ठेवलं. "हे बघा, बाबा. मावा दिसलेलं प्रत्येक ताट. नियमाप्रमाणे केलंय."

बाबांनी चष्मा लावून ओळ वाचली. "छापलंय तसं केलंस तं बरोबर," ते म्हणाले. आयुष्यभर एकही खोटा आकडा छापू न दिलेल्या माणसाने माझ्या कागदावर विश्वास ठेवला.

दादाने दुपारीच पंप पाठीला लावला. दोन तासांत तुकडा न्हाऊन निघाला. संध्याकाळी मी एकटीच गेले. औषधाचा वास घशाला लागत होता. सरींमध्ये ढालकिडे उताणे पडले होते, काहींचे पाय अजून हलत होते. तुऱ्यावर येणाऱ्या दोन मधमाश्या मातीत गरगर फिरत होत्या. माझ्या पत्रकावर ढालकिड्याचं चित्र आहे. मी स्वतः काढलेलं, सात ठिपक्यांचं.

वहिनी बुधवारी आली. चहा न घेताच शेतात गेली. बाबा आणि मी मागे. तिने एक पान मोडलं, उलटं केलं, अंगठा फिरवला. फवारल्यावरही मणी तसेच चिकटून राहतात, तिथेच सुकतात.

"किती निघालं व्हतं, वन्सं?"

"एकतीस."

तिने आणखी एक पान बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. "फुगलेला लई हाय," एवढंच म्हणाली.

"म्हंजे?" बाबांनी विचारलं.

"म्हंजे... आता काय, बाबा. मारलंय की औषध." आणि ती पान टाकून चालायला लागली.

तिला कळलं होतं. ती बोलली असती तर मी भांडले असते, भांडायला मला येतं. ती बोलली नाही. त्या दयेवरूनही मी तिच्यावर जळले.

पहिले काही दिवस शेत स्वच्छ दिसलं. दादा छाती काढून फिरत होता. मग मावा परत आला. खायला कुणी उरलं नव्हतं. ढालकिडे नाहीत, बारीक माशी नाही. आठवड्याभरात तुरे काळपट, चिकट झाले. तुऱ्यातली भुकटी झडून खाली कणसाच्या केसांवर पडली तर दाणा भरतो. ती तिथेच चिकटून राहिली. वहिनीने मग पाइप लावून पाण्याचा फवारा मारून तुरे धुतले, निंबोळीचा अर्क मारला, सकाळी ताटं हलवत फिरली. मीही तिच्याबरोबर पाइप ओढला. तिने मला काही विचारलं नाही. उशीर झाला होता.

कणसं खुडायच्या दिवशी अंगणात ढीग पडला. आईने एक सोलून बघितलं. वरचं अर्धं कणीस रिकामं, खाली तुटक दाणे. दुसरं तसंच. दहांतलं एखादं नीट भरलेलं.

दादा वाईट बोलला नाही, हे सांगायला हवं. बायकोच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "जाऊ दे. ट्राय केलंस ना? मोजून वगैरे आपल्याकडे नाय जमत. पुढच्या भाताला मी बघतो, तू टेन्शन नको घेऊ."

"व्हय," वहिनी म्हणाली.

ती आत गेली, तो शर्ट घेऊन आली, खिसा उलटा केला आणि पुढच्या मोजणीसाठी नव्याने भरून ठेवलेले पन्नास दाणे कोंबड्यांसमोर टाकले. चार कोंबड्या धावत आल्या. ती तिथेच उभी राहून बघत होती. रडत नव्हती. वरात संपल्यावर नवरीचा हार उतरवून ठेवावा तसा तिने शर्ट दोरीवर टाकला.

"थांब," मी म्हणाले. कोंबड्यांना म्हणाले की तिला, मला ठाऊक नाही. "बाबा, एकतीस खोटं होतं. चौदा होते."

मी बोलतच राहिले.

"सतरा ताटांवर नुसता फुगलेला होता. वहिनीने तो सोडायला सांगितलं होतं. मी ऐकलं होतं. तरी धरला."

"का पण?" दादा ओरडला. "तूच ना ती फवारू नका, फवारू नका करत बोंबलायचीस?"

बाबा शांत होते. त्यांनी पुन्हा तेच विचारलं, "कला गो? का केलंस?"

मला एखादं मोठं कारण सांगता आलं असतं. माझ्याकडे शब्द भरपूर असतात. मी म्हणाले, "तुम्ही तिच्याबरोबर बांधावर जायला लागलात म्हणून."

"अगो बाय," आई म्हणाली, "येवढ्यासाठी अख्खा मका?"

ते ऐकून वहिनीला हसू आलं. तिने तोंडावर ओढणी धरली, पण मला दिसलं. मग ते हसू गेलं आणि ती माझ्याकडे नीट बघायला लागली, आल्यापासून पहिल्यांदाच बघते आहे तशी.

बाबा उठून आत गेले. माझ्या कपाटावरचा पिवळा गठ्ठा घेऊन आले, सगळा, आणि माझ्यासमोर ठेवला. वर एक निळं पेन. दादाला म्हणाले, "ही हार सूनबायची नाय. पुढची खेप तिचीच. भात पन." दादा मान हलवून कणसं सोलायला बसला. मग बाबा वहिनीकडे वळले. "सूनबाय, काय लिव्हायचं ता सांग तिला. येकेका कागदावर."

ते ओटीवर जाऊन बसले. लहानपणी ते आमच्यात बसायचे, आमच्याइतकेच कागद घ्यायचे. त्या दिवशी त्यांनी पेन हातात घेतलं नाही. शिक्षा म्हणून मला तेवढंच पुरलं.

मी मांडी घातली. वहिनी समोर बसली आणि सांगायला लागली, हळूहळू, शाळेत सांगतात तसं. "फुगलेला, तांबूस, मन्यासारखा मावा मेलेला असतो. नुसता तसला असंल तर ताट धरू नका."

"धरू नये," मी म्हणाले.

"नका," ती म्हणाली. "मानसं हायत वाचनारी. नका लिवा."

मी 'नका' लिहिलं. मथळ्याखालच्या ओळीत, समासात, जिथे जागा सापडली तिथे. दहा कागद झाले, वीस झाले. हात दुखायला लागला. ढालकिड्याच्या चित्राशेजारून ओळ तिरकी जात होती. तिसाव्या कागदाला वहिनीने दादाच्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि गठ्ठ्यातला अर्धा भाग स्वतःकडे ओढला.

"आना हिकडं. रातच्याला भाकऱ्या कोन थापनार मग?"

आम्ही दोघी लिहीत राहिलो. ओटीवरून बाबांची खुर्ची करकरली, पण ते आले नाहीत. मध्येच मी मान वर करून तिच्या कागदाकडे बघितलं. तिची ओळ सरळ होती. अक्षर गोल, मोकळं, मोत्यासारखं.

माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं होतं. मी पुढचा कागद घेतला.